घरच्यांसाठी शुद्ध

चहात गवती चहाची पात टाकलेली मला चालत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या घरांत, इतक्या वेळा बोलले आहे की माहेरच्या आणि सासरच्या माणसांना ते आता पाठ झालंय. नवीन माणसं मात्र दुखावतात. "अहो, आमच्या कुंडीतलीच आहे, ताजी," असं सांगतात, जणू माझी हरकत फक्त शिळ्या पातीला होती. मग मी पित्त होतं असं खोटं सांगते. पित्तबित्त काही नाही. त्या वासाची मला शिसारी येते. कप ओठांशी आला की बोटांची टोकं चरचरायला लागतात, आता पासष्टीला टेकले तरी. बोटांचं खरं कारण मी परवापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात, होळीच्या सुमाराला, माझ्या सुनेने, केतकीने, एक खोका मागवला. आत बारा इवल्याशा बाटल्या आणि एक गुळगुळीत पुस्तिका. वसंत ऋतूत त्वचेची काळजी कशी घ्यावी आणि भावनांचं संतुलन कसं राखावं, याबद्दल. रागाला एक बाटली, चिंतेला एक, उगाच रडू येत असेल तर तिसरी. केतकी मोबाइलवर कुणा बाईंचा वर्ग लावून बसली होती. थंडी सरली, आता त्वचा कात टाकते, मनही कात टाकतं, असं त्या बाई मधाळ आवाजात सांगत होत्या आणि स्वयंपाकघरात मला सारखा साप आठवत होता. तेवढ्यात केतकीने एक बाटली उघडली. मी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. ती घाबरून मागोमाग आली. "आई, काय होतंय?" मी म्हटलं, "ते तेल कशात मिसळायचं लिहिलंय ते वाच." तिने वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळेला तिला हसू आलं, पण माझं तोंड बघून ते मावळलं. नंतर सांगीन म्हटलं आणि ते नंतर आलं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही डहाणू रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आप्पा पार्सल ऑफिसात होते. दोन खोल्या, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण, त्यात नळ, एक पाट कायमचा टाकलेला आणि भिंतीपलीकडे मालगाड्यांचं यार्ड. डबे जोडताना जो धाडकन आवाज होतो तो आमच्याकडे पाहुण्यांना दचकवायचा आणि आम्हाला ऐकूसुद्धा यायचा नाही. आप्पांच्या शर्टाला चिकूचा वास असायचा, कारण चिकूच्या पेट्या त्यांच्या हाताखालून मुंबईला जायच्या. एखादी फुटली की मऊ पडलेले चिकू घरी यायचे आणि आम्ही ते पत्र्याच्या डब्याभोवती बसून, साली अंगणात उडवत, पोटाला तडस लागेपर्यंत खायचो. रात्री तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, रविवारी वालाचं बिरडं. शेजारच्या बाई फुग्यांच्या कारखान्यात जात. त्या पदरात बांधून वाकडेतिकडे, नापास झालेले फुगे आणायच्या आणि क्वार्टरमधली सगळी पोरं ते फुगवून फुगवून गाल दुखवून घ्यायची. आमचं घर तसं सुखाचंच होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

माझी सुमनताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं डी.एड. झालं होतं आणि गंजाडच्या बाजूला एका मुलींच्या निवासी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तिथेच खोली घेऊन राहायचं, पोरींना शिकवायचं आणि पोरींबरोबरच जेवायचं. अर्ज आणून तिने तो ट्रंकेत, चादरींच्या खाली ठेवला होता. त्यावर एक फोटो चिकटवायचा होता आणि वडिलांची संमतीची सही हवी होती. सहीवरच घोडं अडलं होतं. लग्नाच्या मुलीने एकटीने आडगावात जाऊन राहायचं म्हणजे काय, असं आईचं म्हणणं. आप्पा कुणाच्याच बाजूने बोलायचे नाहीत. शेवटी त्यांनी तोडगा काढला. बोईसरहून एक स्थळ बघायला येणार होतं. "एकदा त्यांच्यासमोर बस. त्यांच्याकडून नकार आला तर मी सही करीन," ते म्हणाले. पाहुणे रविवारी यायचे होते आणि अर्ज द्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. ताई "बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून घरात जवळजवळ बोलेनाशी झाली.

त्यात तिच्या चेहऱ्यावर दर फाल्गुनात बारीक पुरळ उठायचं. उन्हं चढायला लागली, वाऱ्याबरोबर यार्डातली धूळ आत यायला लागली की कपाळ आणि गाल लाल. एरवी कुणी लक्ष देत नसे, पण बघायला येणार म्हटल्यावर ते पुरळ साऱ्या घराचं झालं. आईने डाळीचं पीठ लावलं, मुलतानी माती लावली, दही लावलं. ताई भिंतीसारखी बसून सगळं लावून घ्यायची. मग आईने उधव्याला आत्याकडे निरोप धाडला.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. उधव्याला राहायची, गुजरातच्या हद्दीला लागून. काका हद्दीपलीकडे एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होते. अतिशय अबोल माणूस. त्यांनी घरामागच्या उतारावर गवती चहा लावला आणि कारखान्यात जे बघितलं त्यावरून डोकं चालवून लोखंडी पिंप, नळी आणि पाण्याची टाकी जोडून त्याचं तेल काढायला सुरुवात केली. उधव्यात भट्टी म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. एकदा एक हवालदार मोठ्या आशेने आला, पिंपावर नाक धरलं, ओळीने सात शिंका दिल्या आणि हिरमुसून परत गेला. काका पुढे पुढे त्यात लिंबाच्या सालीही टाकायला लागले. पिंपभर गवतातून वाटीभर पिवळं तेल निघायचं. घर, गोधड्या, आत्याचं लुगडं, तिच्या हातचं पिठलंसुद्धा त्या वासाने भरलेलं असायचं. सुट्टीत तिच्याकडे गेलं की दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागे, पण तेव्हा तो वास मला श्रीमंतीचा वाटायचा.

तेलाचा धंदा आत्याचा होता. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या ती कुठल्याशा कंपाउंडरकडून आणायची. कुणाकुणाच्या दुखण्याच्या त्या बाटल्या गरम पाण्यात एकदा विसळायच्या, रबराचं बूच दाबायचं, झालं. त्या बाटल्या पिशवीत घालून ती तलासरीहून एसटीने डहाणूला यायची आणि आमच्या क्वार्टरमधल्या बायकांना विकायची. "वसंतात अंग गरम होतं, रक्त उसळतं आणि डोकंही उसळतं. हे चोळ, कातडी निवते आणि मन जागेवर येतं," असं तिचं भाषण होतं. सीमेवर राहून तिच्या बोलण्यात गुजराती शिरलं होतं, ती दर वाक्याला "बरोबर ने?" विचारायची आणि ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना गुण यायचा. कुणाची खाज गेली, कुणाला झोप लागायला लागली. गार्डसाहेबांच्या बायकोने तर नवऱ्याचा राग कमी झाला म्हणून तीन बाटल्या नेल्या.

गुण यायचा त्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण सुट्टीत बाटल्या भरायला मीच बसायचे. काकांनी सांगितलं होतं की वाटीभर खोबरेलात दहा थेंब, त्यावर एकही नाही. आत्या गिऱ्हाइकांसाठी तसंच करायची, पण तिच्या मनात ती लबाडी होती. दूधवाला पाणी घालतो ना, तसं. "परक्यांना पातळच द्यायचं असतं," ती डोळा बारीक करून मला सांगायची आणि मला मोठ्यांच्या कटात घेतल्यासारखं वाटायचं. घरच्या माणसांसाठी तिने एक हिरवी बाटली वेगळी ठेवली होती, बुचाला लाल दोरा बांधून. त्यात खोबरेलाचा टिपूससुद्धा नाही. रतीब घालणाऱ्या बाया घरच्या पोरांसाठी पहिल्या धारेचं दूध बाजूला काढतात, त्याच मायेने तिने ती बाटली भरली होती. ती कुणाला लावायची वेळ तोवर आली नव्हती इतकंच.

काकांकडे गवत कापायला जानीबाय यायची. वारली बाई, हात राकट, सदा तंबाखू मळत असायची. तिच्या मनगटावर पांढरा चट्टा होता. मी हिरवी बाटली भरताना ती ओटीवर बसली होती. म्हणाली, "नुसता त्याल आंगाला नको लावू गे बाय. कातडा जळंल." आणि स्वतःचं मनगट दाखवलं. ती म्हणे मोहाच्या बियांच्या तेलात एक थेंब टाकून लावते, डास चावत नाहीत. आत्याने आतून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "तिला काय कळतं? मोहाचं तेल म्हणे! शी!" मीसुद्धा शी म्हटलं. आत्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती कुणीच मला सांगितली नव्हती. हिरव्या बाटलीचं रबरी बूच नेहमी चिकट होऊन बोटांना लागायचं. त्यातलं थोडं तेल मी एकदा घरी आणलं आणि त्याचं बोट शेजारच्या बाईंनी दिलेल्या फुग्याला लावलं, तर फुगा फट्‌कन फुटला. मग आम्हा पोरांचा तो खेळच झाला. एक बोट, एक फुगा. टाचणीशिवाय फुगे फोडते म्हणून क्वार्टरमध्ये माझी मोठी ऐट होती. हे मी लिहिते आहे ते स्वतःच्या हुशारीचं कौतुक म्हणून नव्हे. मला माहीत होतं, एवढंच त्यातून कळायला हवं.

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने आत्या आली, लाल दोऱ्याची बाटली कमरेला खोचून. आई पुरण शिजवत होती, उद्याची तयारी. ताईला अंगणातल्या पाटावर बसवलं, तोंड उन्हाकडे. आत्याची बोटं संधिवाताने वळायची नाहीत. "शैले, तू चोळ. तुझे हात मऊ आहेत." आईने आतून विचारलं, "वन्सं, खोबरेल देऊ का वाटीत?" आत्या मोठ्याने हसली. "अगं, ते परक्यांना! पोरीच्या तोंडाला मी भेसळ लावू? शुद्ध आहे हे, घरचं." आणि तिने माझ्या तळहातावर बाटली उपडी केली. थेंब नव्हे, पसा. आपण डोक्याला तेल घालताना घेतो तेवढं.

मी चोळायला सुरुवात केली. वास असा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी गार वाटलं. मग माझ्या बोटांच्या पेरांत मुंग्या आल्या, मग चरचर आणि मग मिरच्या कापून झाल्यावर होते तशी आग. मी म्हटलं, "आत्या, झोंबतंय."

"झोंबायलाच हवं. मळ सुटतोय तो. डोकंही आपोआप ताळ्यावर येतंय बघ. बरोबर ने, सुमन?"

ताईने डोळे अर्धवट मिटले होते. पापण्यांच्या कडांतून पाणी गळत होतं, ओठ घट्ट. ती एकदाच म्हणाली, "शैला, खूप जळतंय गं." आत्या म्हणाली, "उद्यापर्यंतच सोसायचं, मग राणीसारखी दिसशील." ताई पुढे काही बोलली नाही. का बोलली नाही ते मला माहीत होतं. उद्या गुपचूप बसायचं, नकार घ्यायचा, सही घ्यायची, एवढंच तिला दिसत होतं. आज भांडण काढलं तर आप्पा आपला शब्द मागे घेतील ही धास्ती होती. आणि मी? मला काही सही नको होती. माझी बोटं जळत होती, फुगे कसे फुटतात ते मी बघितलं होतं, जानीबायचं मनगट बघितलं होतं. तरी मी चोळत राहिले, कारण आत्या वरून "शाबास" म्हणत होती. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. बाटली संपेपर्यंत. मला स्वतःची इतकी किळस त्यानंतर फक्त एकदाच आली आणि ती दुसऱ्याच दिवशी.

आत्याने तिला तासभर उन्हात बसवलं. आई पुरण वाटून बाहेर आली आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं. ताईचा चेहरा विस्तवाजवळ धरल्यासारखा झाला होता. पाणी मारलं, साबण लावला, त्याने आणखी आग झाली. दुपारपर्यंत एक डोळा सुजून बंद झाला आणि संध्याकाळी उजव्या गालावर पाण्याने भरलेले फोड आले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काय लावलं होतं? आई म्हणाली, "उन्हाने झालं." आत्या शेजारी उभी होती, ती म्हणाली, "कातडीच नाजूक आहे पोरीची." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. माझीही बोटं लाल झाली होती आणि ती कुणाला दिसू नयेत याचीच मला काळजी.

पाहुण्यांना नको म्हणून कळवायला वेळ नव्हता, निदान आत्या तसं म्हणाली. रविवारी चार वाजता माणसं आली. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. तोवर आत्याने ताईच्या फोडांवर पावडर थापली होती. लस लागून ती पावडर गालावर लगद्यासारखी झाली होती. घरात त्या तेलाचा वास, पुरणपोळीच्या तुपाचा वास आणि मलमाचा वास एकत्र झाले होते. मुलाची आई दारातच थबकली. "कसला हो वास येतोय?" आणि नाकाला पदर लावून बसली. ताई चहाचा ट्रे घेऊन आली. मामाने एक पोळी संपवून दुसरीचा तुकडा मोडला होता, तो त्याने तसाच बशीत ठेवला. मुलाच्या आईने ताईला जवळ बोलावलं, हनुवटीला दोन बोटं लावून तोंड उजेडाकडे वळवलं, बाजारात पापलेटाचा कल्ला उघडून बघतात तसं. मग बोटं रुमालाला पुसली. "हे घराण्यात आहे का कुणाला?" तिने आईला विचारलं.

आई रडायला लागली. आप्पा जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात बाईची नजर दाराशी उभ्या असलेल्या माझ्यावर आली. "ही धाकटी का? हिचं तोंड स्वच्छ आहे. कितवीत आहे?" आत्याने क्षणही दवडला नाही. माझा दंड धरून तिने मला पुढे ओढलं. "दहावीत. कामाला चलाख आहे. दोन वर्षं थांबायला काय हरकत आहे, बरोबर ने?" मामाने पोळीचा तो तुकडा उचलून तोंडात टाकला आणि मला वरपासून खालपर्यंत बघत चावायला लागला. त्याच्या मिशीला पुरण लागलं होतं. ते मला आजही दिसतं. पण खरी ओकारी यावी असं जे आहे ते हे, की एक क्षणभर मला बरं वाटलं. माझं तोंड स्वच्छ आहे, असं चार माणसांत कुणीतरी म्हणालं होतं. ज्या हातांनी मी बहिणीचं तोंड जाळलं होतं ते हात पाठीमागे धरून मी तिथे उभी होते आणि लाजत होते.

ताईने ट्रे खाली ठेवला. एका उघड्या डोळ्याने तिने त्या बाईकडे बघितलं आणि म्हणाली, "ती पंधरा वर्षांची आहे. तिची परीक्षा आहे. चहा घ्या आणि निघा." आवाज चढलासुद्धा नाही. मग नळावर जाऊन तिने ती पावडर धुऊन टाकली, ट्रंकेतून अर्ज काढला, माझा हात धरला आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. हात धरल्यावर मला आग झाली, मी दातावर दात दाबून चालत राहिले.

स्टेशनासमोर एक फोटो स्टुडिओ होता. फोटोग्राफर ओळखीचा, आप्पांना नमस्कार करणारा. त्याने ताईकडे बघितलं आणि दिवा लावायचाच विसरला. "ताई, चार दिवसांनी या ना. तोवर उतरेल."

"अर्ज उद्याच द्यायचाय."

"मग मी ब्रशने डाग पुसून देतो. एकदम साफ करून देतो, कळणारसुद्धा नाही."

"हात लावू नका त्याला," ताई म्हणाली. "आहे तसा काढा. मला ओळखता आलं पाहिजे."

तो काळ्या कापडाखाली गेला. मी पडद्याजवळ उभी होते. स्टुडिओत मागे एक रंगवलेली बाग होती, कारंजं, मोर. त्या मोरासमोर माझी बहीण सुजलेला डोळा आणि फुटलेल्या फोडांचा गाल घेऊन सरळ बसली होती, खांदे मागे, शाळेत पोरींना बसायला सांगतात तशी. मी तिथे रडले. तिने मला गप्प बस म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

घरी आलो तेव्हा पाहुणे गेले होते आणि आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आप्पांनी हात पुढे करून अर्ज मागितला. चष्मा लावून सगळा वाचला, फोटोच्या रिकाम्या चौकोनाकडे थोडा वेळ बघत राहिले आणि सही केली. "मी शब्द दिला होता," एवढंच म्हणाले. सोमवारी फोटो मिळाले, ताईने खळ लावून एक चिकटवला आणि स्वतः जाऊन अर्ज देऊन आली.

काका तीन दिवसांनी आले. ताईसमोर उभे राहिले. "दहा थेंब म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "दहाच म्हणालो होतो." उधव्याला परत जाऊन त्यांनी पिंप उचकटलं, नळी विकली आणि उताराला तूर लावली. आत्याने मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाही. म्हातारपणी अंथरुणाला खिळली तेव्हाही मला म्हणायची, "गिऱ्हाइकांना कधी काही झालं नाही, बघ. आणि तिला तर मी शुद्ध दिलं होतं." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. मी तिचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे, पण त्या पाण्याची मला कधी दया आली नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, तिच्यात आणि माझ्यात ती बरी. तिला माहीत नव्हतं.

ताई गंजाडकडे पस्तीस वर्षं शिकवून तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाली. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी काही बोललीही नाही. तिथेच दोन खोल्यांचं घर आहे, मागे शेवगा. उजव्या गालावर रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला आहे. तो अर्जाचा फोटो तिच्या नोकरीच्या कागदांत शेवटपर्यंत होता आणि नव्या हेडक्लार्कने बदलायला सांगितला तरी तिने बदलला नाही.

परवा केतकीला घेऊन मी तिच्याकडे गेले. केतकीने भाबडेपणाने तो बाटल्यांचा खोका नेला होता. "मावशी, यातलं एक डागांवर चांगलं आहे म्हणतात. बदामाच्या तेलात दोन थेंब, मी नीट मोजून देईन." ताई हसली. "आता तो डाग गेला तर गावातल्या पोरी मला ओळखायच्या नाहीत," म्हणाली. केतकी चहा करायला आत गेली. जाता जाता विचारून गेली, "आई, पात नको ना?" आणि ओटीवर आम्ही दोघीच राहिलो. समोरच्या आंब्याचा मोहोर गळत होता. मला वाटलं, आज बोलले नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

"ताई, त्या दिवशी माझी बोटं जळत होती," मी म्हटलं. "पहिल्यापासून. मला कळत होतं. तरी मी थांबले नाही."

ती शेंगा निवडत होती, निवडत राहिली. आत केतकीने आलं किसायला घेतलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "तू सारखी हात परकराला पुसत होतीस. पुसायचीस आणि परत चोळायचीस."